गादीवरचा एक तास

"तुला माझं चांगलं बघवतच न्हाई, वहिनी. दादा उगीच न्हाई गेला तुला सोडून."

शीतल एवढं बोलली, बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि स्पर्धेच्या गावची बस गाठायला उंबऱ्याबाहेर पडली. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं! परातीपुढं बसलेली दैवशाला जागच्या जागी थिजली. उजवा हात पदराखाली, डावा पिठात... आणि काळजात असं काही तुटलं की रडूही येईना. बाजेवरून सासूबाई, झुंबरबाई, करवादल्या की महिन्यापासून भाकरी जाड येतेय, आता करपवू तरी नको. दैवशालेनं मुकाट्यानं भाकरी उलटली.

अहो, ज्या पोरीला तिनं सातव्या वर्षापासून वाढवलं, तिच्या तोंडचं हे वाक्य! दैवशालेचा नवरा कल्याण पुण्याला कंपनीत लागला आणि दोन वर्षांत तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. गावाकडं, वाटूरला, भावकीनं दैवशालेला माहेरी धाडायचं ठरवलं, तेव्हा ही चिमुरडी तिच्या पातळाला धरून बसली होती. तेवढ्यासाठी दैवशाला राहिली. सासूच्या हुकमावरून त्या सात वर्षांच्या पोरीला ताई म्हणत आणि अहो-जाहो करत राहिली! पुढं तिघी नवीन जालन्यात आल्या. दैवशाला एका खानावळीत भाकरी थापायची. शीतल मोठी झाली, कॉलेजात गेली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, मला जिऊ-जित्सू शिकायचंय, ती गादीवरची कुस्ती.

झुंबरबाईंनी आधी कपाळाला हात लावला. पोरीच्या जातीनं गादीवर लोळायचं, तेही पोरांच्या अंगाला अंग लावून? दोन दिवस घरात अबोला चालला. शेवटी म्हातारीनं तोड काढली की जायचं तर वहिनीला घेऊन जा, आणि कुस्ती काय ती वहिनीशीच खेळ, दुसऱ्या कुणाशी नाही. अशी ही छत्तीस वर्षांची बाई जाड पांढरा अंगरखा चढवून, कमरेला नवशिक्याचा पांढरा पट्टा बांधून, बियाण्याच्या जुन्या गोदामात भरणाऱ्या क्लासात, शिकवणाऱ्या दानियाल सरांसमोर उभी राहिली. लाजेनं तिची मान वर होईना.

सरांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. कुठं दुखलं, गळा आवळला, की गादीवर दोनदा थाप मारायची. समोरच्यानं बिलकुल तिथंच सोडायचं. यात हार नाही, लाज नाही, ही थाप ज्याला बराबर वेळेवर मारता येते तोच पुढं शिकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. दैवशालेनंही डोलावली, पण तिला ते समजलं म्हणावं तर नाही... आजवर तिला कुठं, कुणी, दुखतंय म्हणायची सवय लावली होती?

हसू येईल अशीही एक अडचण होती. शीतलचा पाय वहिनीला लागला की ती लगेच हात लावून नमस्कार करायची. आता जिऊ-जित्सूत पाय लागणारच! कोपराच्या डावात तर समोरच्याचा हात मांड्यांत धरायचा, एक पाय त्याच्या छातीवर आणि दुसरा सरळ तोंडावर टाकायचा. शीतलला ते काही केल्या होईना. आईच्या ठिकाणी असलेल्या वहिनीच्या तोंडावर पाय? दर वेळी डाव सुटायचा आणि सर डोकं धरायचे. शेवटी दैवशालेनंच तिचा घोटा उचलून आपल्या गालावर ठेवला आणि म्हणाली, मला सरकीचं पोतं समजा ताई, पाय ठेवा.

आणि खरं सांगू? त्या बाईला तिथं सुख लागायला लागलं होतं! घरात ती सून, खानावळीत भाकरीवाली, भावकीत टाकलेली. गादीवर मात्र सर तिला दैवशाला अशी हाक मारायचे. पाठीवर पडून कंबर कशी सरकवायची, वर बसलेल्याला कसं उलथायचं, हे ती पिठात हात घालता घालता मनाशी घोकायची. दुखलं की थाप मारणंही हळूहळू अंगवळणी पडलं. ज्या दिवशी तिनं शीतलला पहिल्यांदा खाली पाडलं, त्या दिवशी येताना रिक्षात ती स्वतःशीच हसत होती. दिवसातला तो एक तास तिचा होता, आणि तो जाऊ नये एवढीच तिची देवाजवळ मागणी होती.

स्पर्धेला महिना उरला तेव्हा शीतलची चिडचिड वाढली. एकदा गादीवरच ती फणकारली, की वहिनी, तू लगेच थाप मारतेस, मला जोर कुठवर लावायचा कळतच न्हाई, थोडं धरत जा. न्हाईतर राहू दे, मीच यायचं बंद करते. शीतल रागात बोलून गेली, पण दैवशालेनं ते खरं धरलं. शीतल थांबली की आपलंही येणं संपलं... दुसऱ्या दिवशी कोपर ताणलं गेलं आणि तिनं थाप मारली नाही. कळ खांद्यात शिरली, डोळ्यांपुढं काळोख आला, तरी डाव्या हाताची मूठ तिनं आवळून धरली. शीतलनं आणखी कंबर उचलली. आत कुठंतरी कट् झालं.

"लागलं का वहिनी?"

"न्हाई ताई. जमला तुम्हाला डाव."

डॉक्टरकडं गेलं तर हाताचा एक्स-रे फोटो निघेल, शीतलला कळेल, पोर हात आखडून घेईल आणि स्पर्धा हातची जाईल. म्हणून ती देवीला जाते सांगून अंबडला गेली आणि एका हाड बसवणाऱ्याकडून लेप लावून, हात करकचून बांधून आली. पदराखाली कुणाला दिसलं नाही. गादीवर जाणं मात्र थांबलं. कंबर धरलीय, असं तिनं सांगितलं. वहिनी नाही म्हणून म्हातारीनं शीतललाही तीन आठवडे घरी बसवलं. शेवटी सरांच्या घरच्या, शहाजादीबाई, येऊन समजावून गेल्या म्हणून स्पर्धेला जाणं तरी झालं. मग निघताना शीतलनं त्या तीन आठवड्यांचा राग उंबऱ्यात ओतला तो असा.

दुसऱ्या दिवशी दुपारी शीतल परत आली. बॅग टाकली, पाणी विचारलं नाही, सरळ वहिनीसमोर बसली आणि तिचा पदर बाजूला करून हातावरची पट्टी सोडली. वाकडं, अजून सुजलेलं, लेपानं काळवंडलेलं कोपर... ते सरळ करू गेली तर झालंच नाही.

तिथंच बसून शीतल सांगत राहिली. दुसऱ्या फेरीत समोरच्या पोरीचा हात तिला मिळाला होता, डाव पक्का लागला होता. ती पोर थाप मारीना. शीतलनं जोर लावला आणि तिच्या मांडीला ते हाड किंचित हललेलं जाणवलं... आणि एकदम आठवलं, की हे आपल्याला माहीत आहे, असंच काहीतरी आपल्या मांड्यांत याआधी झालंय! तिनं हात सोडून दिला. समोरचीनं उलटून तिला हरवलं. हरल्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं.

शीतल तशीच तिला डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. हाड तुटून वाकडंच जुळलंय, उशीर झालाय, ऑपरेशन केलं तरी हात पूर्ण सरळ होईल असं नाही, आणि कुस्ती-बिस्तीचं तर नावच नको, असं ते म्हणाले. दोघी बाहेर येऊन बाकावर बसल्या. शीतलनं वहिनीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"थाप का न्हाई मारली, वहिनी? माझ्यासाठी?"

दैवशाला होय म्हणाली असती तर सगळ्यांनी तिला देवी केलं असतं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"तुमच्यासाठी म्हणत आल्ते मी मनाला. पण खरं तसं न्हाई, ताई. तुम्ही यायचं बंद करते म्हणल्या ना... मंग मला कुणी नेलं असतं? तेवढा एक तास मी कुणाची सून नव्हते, कुणाची टाकलेली नव्हते. तो जाऊ नये म्हणून दात खाऊन पडून राह्यले. आता तोच गेला."

शीतलनं वर बघितलं. बारा वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही मागितलेलं तिला आठवेना. आपणही कधी विचारलं होतं का, तेही आठवेना. तिनं ते वाकडं कोपर दोन्ही तळव्यांत धरलं आणि विचारलं,

"लई दुखलं का गं?"

न्हाई ताई, हे शब्द सवयीनं ओठांपर्यंत आलेसुद्धा. दैवशालेनं ते गिळले.

"हो," ती म्हणाली. "लई दुखलं. अजून दुखून राह्यलंय."

आणि भर दुपारी, अनोळखी माणसांनी भरलेल्या त्या दवाखान्यात, दैवशाला तोंडाला पदर न लावता मोठ्यानं रडली.