गार इंजिन

नारळी पौर्णिमा अजून यायची होती. समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हा नियम किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ होता. आणि पाठ असलेल्या बहुतेक नियमांसारखा तो दुसऱ्यांनी पाळायचा होता. गंगाराम पहाटे लहान होडी घेऊन खडपाकडे, समुद्रातल्या खडकांच्या रांगेकडे, जाळे टाकायला गेला. भरतीबरोबर होडी परत आली. गंगाराम आला नाही.

गावातल्या बोटी वाळूवर झावळ्यांखाली झोपल्या होत्या. खाडीत एकच तरंगत होती, गंगारामचीच, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची. डॉल्फिन नसले तर तो पाण्यातला एखादा दगड दाखवी, आणि पर्यटक त्याचेही फोटो काढत. त्याला शोधायला तीच काढायची ठरली, पण तिचे इंजिन सुरू होत नव्हते. म्हणून धामापूरहून विनीत मेकॅनिकला बोलावले.

पावसाळाभर उभे राहिलेले इंजिन रुसणारच, असे म्हणत विनीतने चावी फिरवली. स्टार्टर जोमात फिरला. इंजिन काही पेटले नाही. बॅटरी ठीक होती. पेट्रोल ताजे होते, पंप गुणगुणत होता, प्लगला ठिणगी होती. त्याने लॅपटॉपची वायर जोडली.

"सापडला, वयनी," तो गंगारामच्या बायकोला, सुगंधाला, म्हणाला. "सेन्सर गेलो. इंजिन गार आसा आणि ह्यो सांगता सदतीस डिग्री. कॉम्प्युटराक वाटता इंजिन गरम आसा, म्हणून तो पेट्रोल कमी सोडता. मगे गार इंजिन कसा पेटतला?"

"तुझो कॉम्प्युटर बरोच शिकललो दिसता," धक्क्यावरून म्हातारा खलाशी महादू म्हणाला. "हात लावून बघूक काय झाला त्याका?"

होडी परत आल्यापासून सुगंधा धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती, गुडघ्यापर्यंत पाण्यात.

विनीतने नवा सेन्सर बसवला. पडद्यावर छत्तीस.

"ह्यो पण गेलो?" महादूने विचारले.

विनीतने सेन्सरची वायरच उपटून हातात धरली. आता आकडा जाऊन बिघाडाची खूण यायला हवी होती. आली नाही. चौतीस.

वारा पडला होता. खाडीला शेवाळाचा वास होताच. पण इंजिनाच्या झाकणाखालून दुसराच एक वास येत होता, कुणी नुकतेच ओलेत्याने येऊन शेजारी बसावे तसा.

"माका ह्यो आकडो म्हायत आसा," सुगंधा हळूच म्हणाली. "कोरोनात ता ताप बघूचा पिस्तूल घेऊन येयत. ह्येंच्या कपाळाक लावला की सदतीसच..."

"तो इंजिनाचो आसा, वयनी. माणसाचो न्हय."

"आता किती?"

विनीतने पडदा स्वतःकडे वळवला.

"उतरता...?"

त्याने पेट्रोलचा डबा पुढे ओढला.

"बेगीन कर, विनीत."

त्याने हवेच्या नळीचे झाकण उघडून हातानेच आत पेट्रोल ओतले. इंजिन खोकले. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसासारखे दोनदा खोकले आणि गप्प झाले. तीस. एकोणतीस. विनीतच्या हातातला पान्हा पाण्यात पडला, तो त्याने पाहिलाही नाही.

अठ्ठावीसवर आकडा थांबला. पडद्यावर त्याच्या शेजारीच समुद्राच्या पाण्याचे तापमान दिसत होते. तेही अठ्ठावीस.

त्याने चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झाले. सुटी वायर अजून त्याच्या डाव्या हातात होती.

"लागला! लागला!" धक्क्यावर ओरडा झाला. सुगंधा पायरीवरून उतरली आणि कुणाला न विचारता बोटीत जाऊन बसली. तिच्या मागोमाग महादू चढला.

खडपापर्यंत इंजिन पूर्ण वेगाने पळाले. आकडा अठ्ठावीसवरून हलला नाही. विनीतने झाकणाखाली हात घातला. इंजिन माठासारखे गार होते.

खडपाच्या कपारीत गंगाराम सापडला. डोळे उघडे, बोटे जाळ्यात अडकलेली. त्याला आत ओढायला महादूने काखेत हात घातले आणि झटकन मागे घेतले.

"अंग... अंग तापला रे..."

तिघांनी मिळून त्याला कसेबसे आत घेतले. विनीतने नाकाशी हात धरला, मान चाचपली. श्वास नव्हता. नाडी नव्हती. ओल्या सदऱ्यातून मात्र वाफ निघत होती.

तेवढ्यात लाटेच्या दणक्याने इंजिन अडखळले. वाफ थांबली. गंगारामचा जबडा सैल पडला. इंजिन सावरले, आणि वाफ पुन्हा निघू लागली.

सुगंधाने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले.

"चावीक हात लावू नको, विनीत," ती म्हणाली. "ह्या बंद पडता नये..."

विनीतने पडद्याकडे पाहिले. अठ्ठावीस. त्याच्याखाली टाकीतल्या पेट्रोलचा आकडा होता. तो उतरत होता.