चंद्राच्या पाठीमागं पाठवलेलं घर

"आजोबा, मी रेकॉर्डिंग केलं तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. मग हे कोण गुणगुणतंय?"

चार्वीनं आपल्या कानांवरचे हेडफोन काढून आजोबांच्या डोक्यावर चढवले. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं. "आई, मी चारू बोलतेय," असा चार्वीचा आवाज आला, पण तो रिकाम्या टाकीतून यावा तसा घुमत होता. आणि त्याच्यामागं, अगदी सुरुवातीपासून, एक बारीक, न थांबणारी गुणगुण होती.

"कुणीच नव्हतं म्हणतेस?"

"कुण्णी नाही. एकदम शांत होतं. शप्पथ!"

"असं?" आजोबांनी हेडफोन खाली ठेवले. "मग आधी तुझी ही शांतता तपासून बघू."

चार्वी मिरजेत राहायची, सहावीत होती. तिची आई, सुमेधा, भूवैज्ञानिक (खडकांचा आणि जमिनीचा अभ्यास करणारी) होती आणि कित्येक महिने ती चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, एका संशोधनतळावर होती. चंद्राची ती बाजू पृथ्वीकडं कधीच तोंड करत नाही. त्यामुळं तिथल्या आकाशात पृथ्वी दिसत नाही आणि पृथ्वीवरचे संदेशही तिथं सरळ पोचत नाहीत. चंद्राभोवती फिरणाऱ्या एका उपग्रहाकरवी ते वळवून पाठवावे लागतात. या वाटेवर गर्दी फार. आधी शास्त्रीय माहिती जायची, मग यंत्रांचे आणि औषधपाण्याचे निरोप, आणि उरलेल्या जागेत घरच्यांसाठी कधीतरी चित्रं-आवाजांचं एक लहानसं पार्सल.

आई दिवाळीला यायची होती. पण तिला आणायला जाणाऱ्या यानाच्या इंजिनात दोष निघाला आणि मुक्काम लांबला. तेव्हापासून तिचे निरोप आखडत गेले. पूर्वी त्यांत खडकांचे रंग असायचे, सोबत्यांच्या गमती असायच्या. आता नुसतं, "मी ठीक आहे. जेवत जा." बाबा एकदा आजोबांना हळूच सांगत होते, "तिला तिकडं झोपच लागत नाही म्हणे." चार्वीनं ते ऐकलं होतं.

तिनं आपल्या वाढदिवसाचा व्हिडिओ पाठवला. आईचं उत्तर आलं, "सगळे हलताना दिसले गं. तुझा चेहरा मात्र नीट दिसला नाही."

आजोबा हे आईचे बाबा. त्यांनी सारं आयुष्य ध्वनिशास्त्रात (आवाजाच्या अभ्यासात) घालवलं होतं. नवं नाट्यगृह बांधलं, की रंगमंचावरची कुजबुज शेवटच्या रांगेत पोचते का, ते बघायला त्यांना बोलावत असत.

"व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं," ते म्हणाले होते. "एवढी चित्रं लहानशा पार्सलात कोंबायची, तर प्रत्येकातले बारकावे टाकून द्यावे लागतात. याला संकोचन (माहिती दाबून लहान करणं) म्हणतात. त्या दाबादाबीत तुझा चेहरा गेला. त्यापेक्षा मोजकीच चित्रं पाठवू, पण अशी, की तुझ्या गालावरचा तीळ दिसला पाहिजे. सोबत तुझा आवाज. चित्रं थांबलेली आणि आवाज चालता."

"म्हणजे स्लाइडशो?"

"हो. मधलं सगळं हलणं-चालणं तिचं मन भरून काढेल. मनाला ते फार छान जमतं."

म्हणून चार्वीनं फोटो काढले होते. एक स्वतःचा, अगदी जवळून. जिन्याखाली गंज चढत चाललेली आईची सायकल. आईनं लावलेलं पेरूचं झाड, जे आता खिडकीशी पोचलं होतं. बाबांनी केलेली, कडेनं करपलेली भाकरी. पण आवाजापाशी गाडी अडली होती.

"डोळे मीट," आजोबा म्हणाले. "आणि ऐकू येईल ते सांग."

चार्वीनं डोळे मिटले. "काहीच नाही... थांबा, पंखा आहे. फ्रिज. गल्लीत कुणीतरी चप्पल घासत चाललंय." मग ती एकदम ताठ बसली. "आणि तंबोरा!"

त्यांची गल्ली वाद्यं बनवणाऱ्यांची होती. समोरच्याच दुकानात फरीदचाचा दिवसभर तंबोऱ्याची जवारी काढत बसायचे, म्हणजे तारांखालची घोडी घासून स्वराला भरदार गोलाई आणायचे. चार्वी जन्मल्यापासून तो स्वर घरात येत होता.

"मग मला आधी का नाही ऐकू आला?"

"कानाला आला होता. तुला नाही आला." आजोबांनी माइक हातात घेतला. "यात एक पातळ पडदा असतो. हवेची कंपनं येऊन धडकली की तो थरथरतो, आणि ती थरथर विजेच्या रूपात नोंदली जाते. तुझ्या कानातही पडदाच आहे. पण कानामागं मेंदू बसलाय. जो आवाज रोजचा, न बदलणारा, तो मेंदू बाजूला सारतो. नाहीतर पंख्याच्या घरघरीत तुला माझी हाक कशी कळली असती? माइकला मेंदू नाही. तो निवड करत नाही. येईल ते सगळं घेतो."

"आणि तो टाकीतला आवाज?"

आजोबांनी टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत ती क्षणभर रेंगाळली. "तुझा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. त्याला परावर्तन म्हणतात. माइकला एकदा तू ऐकू येतेस, आणि लगेच मागून भिंतींवरून परत आलेली तू. जिथं आवाज आपटण्याऐवजी मुरेल, अशी जागा शोध. कापूस, गोधड्या, कपडे."

चार्वीनं घरभर टाळ्या वाजवत शोध घेतला. स्वयंपाकघरात टाळी कडकन परतली. पलंगावरच्या गाद्यांजवळ ती जरा मऊ झाली. मग तिनं आईचं कपाट उघडलं आणि लटकलेल्या साड्यांमध्ये टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथं विझली.

ती माइक घेऊन कपाटात बसली. आई गेल्यापासून ते कपाट फारसं कुणी उघडलं नव्हतं. साड्यांना अजून आईचा वास होता, वाळ्याचा आणि थोडासा घामाचा. चार्वीनं एक पदर गालाला लावला आणि तशीच बसून राहिली. आजोबा दाराशी आले होते. ते पाऊल न वाजवता परत गेले.

त्या दिवशी तिनं सगळं रेकॉर्डिंग केलं. आवाज आता जवळचा, स्वच्छ येत होता. फक्त ती गुणगुण कपाटाच्या दारातूनही थोडी आत शिरली होती.

"ती काढता येईल?"

"येईल की." आजोबांनी टॅबलेटवरचं 'गुंफण' नावाचं सॉफ्टवेअर उघडलं. "तू बोलत नाहीस असा तुकडा याला ऐकव. त्यात जे स्वर सतत आहेत, ते हे ओळखून ठेवेल. मग तेवढेच स्वर तुझ्या सगळ्या बोलण्यातून वजा करेल."

चार्वीनं तसं केलं. गुणगुण गेली, पंखा गेला, फ्रिज गेला. तिनं चित्रं ओळीनं लावली, प्रत्येकाखाली आपला आवाज बसवला. एक चित्र विरत जाताना दुसरं त्यातून उमलावं, अशी जोडणीही केली. बाबा म्हणाले, "अगदी टीव्हीवर लागतं तसं झालंय!" पार्सल गेलं.

उत्तर लवकर आलं. "किती स्पष्ट! तुझा तीळ दिसला." चार्वीनं उडीच मारली. पण थोड्या वेळानं दुसरा निरोप आला.

"चारू, तू हे कुठं बसून बोललीस गं? घरात नव्हतीस का? आवाज तुझाच आहे, पण त्याच्यामागं काहीच नाही. इथल्यासारखंच."

चार्वीनं तो निरोप पुन्हा वाचला आणि टॅबलेट उलटा करून ठेवला. "मी नाही करणार आता काही," ती म्हणाली. "व्हिडिओ पाठवला तर चेहरा नाही. चेहरा पाठवला तर घर नाही. तिला काहीच पोचत नाही!"

आजोबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखत असूनही बसले.

"तळावर काय ऐकू येतं, माहीत आहे? हवा फिरवणाऱ्या यंत्रांची एकसुरी घूं घूं. ना पाऊस, ना कावळा. बाहेर तर हवाच नाही, म्हणजे आवाजाला यायला वाटच नाही. आणि इथं आपण गोंगाट म्हणून जे पुसलं ना, तेच घर होतं. ज्या तंबोऱ्याकडं तुझा मेंदू लक्ष देत नाही, तो ऐकत तुझी आई याच खोलीत लहानाची मोठी झाली. तो रोज होता तेव्हा तिलाही ऐकू येत नसेल. आता नाहीये, म्हणून ऐकू येतोय."

"नाहीये, तो ऐकू येतो?"

"येतो," आजोबा म्हणाले. "मलाही येतं एकेक."

चार्वीनं त्यांच्याकडं बघितलं. आई फक्त आपलीच लांब गेलेली नाही, हे तिच्या पहिल्यांदाच नीट ध्यानात आलं.

"मग पंखा, तंबोरा, सगळं परत घालायचं?"

"घालायचं, पण सगळं एकत्र कालवून नाही. थर करू. चित्रपटवाले काय करतात, प्रत्येक ठिकाणचा पार्श्वध्वनी (मागं सतत चालू असणारा आवाज) वेगळा टिपून आणतात. वरच्या थरात तुझं बोलणं, कपाटातलं, स्वच्छ. खालच्या थरात नुसतं घर. मग खालचा थर किती मोठा ठेवायचा, ते आपल्या हातात."

दुसऱ्या दिवशी चार्वी समोरच्या दुकानात गेली. फरीदचाचा तंबोऱ्याच्या भोपळ्याला पॉलिश करत होते.

"चाचा, आईला तुमचा तंबोरा पाठवायचाय. म्हणजे आवाज."

"सुमेधाला?" चाचांनी फडकं बाजूला ठेवलं. "अगं, ती इथंच तर बसायची, या लाकडाच्या ढिगावर. परीक्षा असली की वही घेऊन यायची. थांब, चांगला सुरात लावून देतो."

"नको, नको! मुद्दाम नका वाजवू. रोज करता तसंच करा. मी आमच्या खिडकीतून घेते. तिला तिथूनच ऐकू यायचा ना."

चाचा हसले. "बरोबर आहे तुझं."

खिडकीच्या कट्ट्यावर माइक ठेवून सगळे गप्प बसले. चाचांनी तार छेडली, घोडीवर तारेखाली घातलेला दोरा सरकवला, पुन्हा छेडली. पेरूच्या पानांत चिमण्या भांडल्या. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. स्वयंपाकघरात बाबांच्या हातून झाकण पडलं आणि त्यांनी जीभ चावली. ते झाकणही चार्वीनं राहू दिलं.

मग तिनं आपलं बोलणं परत ऐकलं आणि तिचं तिलाच हसू आलं. पेरूचं चित्र येई तेव्हा ती म्हणत होती, "हे पेरूचं झाड आहे."

"ते आईला दिसतंच आहे," ती पुटपुटली. तिनं नवं वाक्य रेकॉर्ड केलं, "पहिला पेरू पोपटानं खाल्ला. दुसऱ्याला मी पिशवी बांधलीय." आणि त्यानंतर काहीच बोलली नाही. चित्र तसंच ठेवलं. त्या रिकाम्या जागेत खालचा थर हळूच वर आला, आणि बघता बघता खिडकी, गल्ली, दुपार, सगळं त्या एका चित्राभोवती उभं राहिलं.

"आजोबा, तुम्ही पण बोला ना."

"मी काय बोलू? तुमचं चालू द्या."

"बोला हो!"

आजोबा कपाटापाशी गेले. शेकडो नाट्यगृहांत माइक तपासणारा हा माणूस माइकसमोर खाकरला, थांबला, पुन्हा खाकरला. शेवटी म्हणाला, "सुमे, जेवलीस का?" आणि बाजूला होऊन चष्मा पुसत बसला.

पार्सल गेलं. या वेळी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार्वी शाळेतून आली की आधी टॅबलेट बघायची. आणि मग एके सकाळी बाबांनी तिला हाक मारली. आईचा निरोप आला होता.

"चारू, तुझा स्लाइडशो लावून ठेवला होता. खालचा थर चालू असतानाच मला झोप लागली. खूप झोपले. उठल्यावर क्षणभर वाटलं, तुला शाळेला उशीर होतोय. आजोबांना सांग, जेवले. मीही पार्सल करतेय."

आईचं पार्सल आलं तेव्हा आजोबा बुचकळ्यात पडले. "चित्रं ठीक आहेत. पण म्हणते, बाहेरचा आवाज पाठवलाय. बाहेर हवा नाही, मग आवाज कुठून टिपला हिनं?"

पहिल्या चित्रात काळं आकाश होतं, करडी जमीन होती आणि फार दूर एक पांढरा ठिपका. हेडफोनमध्ये हलकेच 'धप्' झालं. मग पुन्हा, 'धप्'.

चार्वीनं चित्रातल्या जमिनीत रोवलेली एक बारीक कांडी बघितली. "आजोबा, हवेतून नाही, जमिनीतून! कंपनं मातीतून आली. आईचं कामच ते आहे ना, जमिनीतली कंपनं टिपायचं?"

आजोबांनी सोबतची टीप वाचली आणि मांडीवर थाप मारली. "बरोबर! कंपनं इतकी संथ होती, की कानाला कळली नसती. म्हणून सॉफ्टवेअरनं तिनं त्यांची पट्टी वर चढवली, चाल तीच ठेवली."

दुसरं चित्र आलं. पांढरा ठिपका मोठा झाला होता. त्याला हात होते, पाय होते. धप्, धप्. तिसऱ्यात पोशाखाच्या घड्या दिसू लागल्या आणि आवाज आणखी भरला. मधली चाल कुठल्याच चित्रात नव्हती, तरी चार्वीला आई एकेक पाऊल टाकताना दिसत होती.

मग आईचा आवाज आला, तळाच्या आतून घेतलेला, अगदी जवळचा. "हा आवाज माझ्या पावलांचा आहे, चारू. नवं यान निघायची तारीख ठरलीय."

आजोबांनी हेडफोनची एक बाजू आपल्या कानाशी धरली, दुसरी चार्वीच्या. दोघंही ऐकत राहिले. पावलं जवळ येत होती.