हेमांगिनीबाईंची स्वरनाडी

ध्वनिसंवर्धन प्रयोगशाळेत हेमांगिनी वेलणकरांची एकतीस रिळं होती. रंगभूमीवरच्या त्यांच्या एकाही प्रयोगाचं चित्रण उरलं नव्हतं. उरला तो नभोवाणीच्या फितींवरचा आवाज. बाईंना जाऊन चार महिने झाले होते. त्यांची मुलगी, हृदयरोगतज्ज्ञ डॉ. ऊर्मिला, एका रिळासाठी आली होती.

ते रीळ मार्च १९८३ मधलं. नभोवाणी केंद्राच्या वर्धापनदिनी बाईंचं नाटक थेट प्रक्षेपित झालं आणि दुसरा अंक चालू असताना, त्याच शहरातल्या इस्पितळात, ऊर्मिलाचे वडील गेले. 'नवरा मृत्युशय्येवर, तरी बाईंचा स्वर ढळला नाही,' असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. पुढे प्रत्येक सत्कारात तेच सांगितलं गेलं. ऊर्मिला तेव्हा अकरा वर्षांची, गावी मावशीकडे होती.

"अण्णांना सोडून ती तिथे उभी राहिली," ती म्हणाली. "तेव्हा तिला काही वाटत होतं का, एवढंच पाहायचंय."

"हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर स्वरतंतूंवरचा ताण किंचित बदलतो," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. रेश्मा तांबोळी म्हणाल्या. "स्वर केसभर हलतो. कानाला कळत नाही, पण आमच्या नाडीशोधक यंत्राला कळतं. याला आम्ही स्वरनाडी म्हणतो."

"नट श्वास आवरू शकतो."

"रडूही आवरू शकतो. ठोके नाही."

"खरंय. आणि त्यांच्यामधलं अंतर सतत बदलतं. तीच व्यक्ती, तेच वाक्य, तरी ठोक्यांचा तोच क्रम पुन्हा मिळत नाही." ऊर्मिलाने चष्मा पुसला. "आई असती तर म्हणाली असती, डॉक्टरीणबाई, शेवटी माझी नाडी धरलीतच."

रेश्मा हसल्या. ऊर्मिला हसली नाही.

तुलनेसाठी साध्या दिवसाची नाडी हवी होती. केंद्रात तालीमही मुद्रित करत आणि मग फीत पुसून पुन्हा वापरत. याच नाटकाच्या, चार दिवस आधीच्या तालमीचं रीळ पुसायचं राहून गेलं होतं.

दोन्ही आलेख पडद्यावर आले. शोकाच्या प्रवेशात नाडी एकशे चारवर गेली होती. तालमीतही एकशे चार. रेश्मांनी आलेख एकावर एक ठेवले. पडद्यावर एकच रेघ राहिली.

"तीच फीत दोनदा घेतलीत," ऊर्मिला म्हणाली.

"नाही. बाकीच्या नटांचे ठोके वेगळे आहेत, बघा. बाईंचे तेवढे जुळतात, प्रत्येक ठोका त्याच अक्षरावर. त्या रोज तंतोतंत तसंच बोलत अशी ख्याती, म्हणून कुणी ताडून पाहिलं नसेल."

पंचवीस वर्षं ऊर्मिलाने असेच आलेख वाचले होते. तिने त्या रेघेवरून शेवटपर्यंत बोट फिरवलं.

"म्हणजे आवाज फितीवरून आला," ती म्हणाली. "ती तिथे नव्हती."

त्या नाटकाचे निर्माते बापू गवाणकर पंचाऐंशी वर्षांचे होते. तिने तिथूनच फोन लावला.

"बापूकाका, ऊर्मिला बोलतेय. त्या थेट नाटकात आईचा आवाज तालमीच्या रिळावरून लावला होतात?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुपारी इस्पितळातून निरोप आला. मीच म्हटलं, बाई, निघ तू. बाकीची मंडळी माईकसमोर, आणि तिच्या जागी मी रीळ चालू-बंद करतोय! घामाने बटणं निसटत होती बोटांतून. थेट म्हणून सांगितलं आणि फीत वाजवली, हे वर कळतं तर घरी बसवलं असतं मला. कुणालाही सांगणार नाही, असा शब्द दिला तिनं, मंडळींनीही."

"मग अण्णांजवळ—"

"तीच होती. शेवटपर्यंत."

"तुम्ही निवृत्त होऊन सत्तावीस वर्षं झाली, काका."

"अगं, त्याच आठवड्यात गेलो होतो तिच्याकडे. म्हटलं, आता तुझा शब्द सुटला, पोरीला सांगून टाक."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिनं विचारलं की सांगेन. विचारलं नाहीस का गं कधी?"