सोळाशे बारा मीटर

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर फार बरं झालं असतं.

तारीख १२ डिसेंबर २०२३, मंगळवार. रात्र नव्हती, धुकंही नव्हतं. भर दुपारचे बारा वाजत होते आणि लख्ख ऊन पडलं होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण लोक तिथं रील काढायला येतील. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेला, जंगलाच्या कडेला, एका जुन्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध आहे, एवढं पुरे.

माझं नाव पुष्पांजली. मी कुडव्याला राहते आणि एका संस्थेत काम करते. आमच्या संस्थेनं पायी फिरणाऱ्यांसाठी एक लांब वाट आखली आहे. नागऱ्याच्या शंकराच्या देवळापासून सुरू होते, दवनीवाड्याच्या धानाच्या बांध्यांतून, म्हणजे भातशेतांतून फिरते आणि मग दक्षिणेला तलावामागून तलाव धरत जंगलात शिरते. पाच-सहा दिवस लागतात. एकूण लांबी ११८ किलोमीटर ३०० मीटर.

म्हणजे, त्या दिवसापर्यंत तेवढी होती.

या वाटेची लांबी कधी एका जागी टिकलीच नाही. पावसाळ्यात पाळ फुटली की वळसा. बिबट्या दिसला की वळसा. कुणी शेताला तार ओढली की वळसा. दर वळशानं आकडा बदलायचा आणि आम्हाला माहितीपत्रक नव्यानं छापावं लागायचं. गावातले लोक हसायचे आणि तिला 'रबराची वाट' म्हणायचे.

आकडा ठेवायचं काम माझं होतं. हिशोब सोपा आहे. नवीन वळसा मोजायचा आणि मिळवायचा. बंद झालेला तुकडा मोजायचा आणि वजा करायचा.

मोजायला एक चाक असतं. लांब दांडा आणि खाली चाक. ते ढकलत चालायचं. दर मीटरला टक् असा आवाज होतो आणि दांड्यावरचा आकडा एकानं वाढतो.

ते चाक माझा धाकटा भाऊ हिमांशु ढकलायचा. तेवीस वर्षांचा होता.

होता की आहे, ते मला सांगता येत नाही.

आता आमच्या घराण्याबद्दल थोडं सांगते, कारण चूक तिथंच झाली. आम्ही तलाव बांधणारे लोक. आमच्या पूर्वजांनी या भागात पाळी घातल्या, पाणी अडवलं. तलाव बांधला की जुन्या पायवाटा पाण्याखाली जायच्या, नव्या वाटा पाळीवरून वळवाव्या लागायच्या. म्हणून आमच्यात एक रीत आहे. वाट बंद करायच्या आधी तिच्या तोंडाशी उभं राहायचं आणि तीनदा हाक मारायची...

"कोणी आहे का वाटेवर?"

मग थांबायचं. उत्तर आलं नाही, तर वाट रिकामी. मगच बोरीच्या काट्या आडव्या टाकायच्या. उत्तर आलं, तर त्या दिवशी हात लावायचा नाही.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ देवचंद, लहानपणी आम्हाला हे सांगायचे. हिमांशु त्यांची नक्कल करायचा आणि मी पोट धरून हसायचे.

त्या वर्षी पाळीखालून पाणी झिरपायला लागलं होतं. पाळीवरचा तुकडा बंद करून शेतांमधून वळसा काढायचा ठरलं. वळसा आदल्या दिवशी मोजून झाला, २७४० मीटर. आता जुना तुकडा तेवढा मोजायचा राहिला होता. नकाशावर तो सोळाशेच्या आसपास दिसत होता.

साडेअकराला हिमांशु पश्चिमेच्या तोंडातून आत शिरला.

"ताई, तू गाडीनं फिरून ये. मी तुह्या आधी पोचतो का नाई पाह्य," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पळू नको, आकडा चुकेल."

टक्... टक्... टक्... तो झुडपांआड गेला.

इतक्यात आमचे प्रमुख, लोकेंद्र सर, यांचा फोन आला. वाट बंद केल्याचा फोटो बारा वाजेपर्यंत हवा होता. कुठं तरी वर पाठवायचा होता. बोरीच्या काट्या तोडून बाजूला ठेवलेल्याच होत्या. पूर्वेकडून पुन्हा इथं यायचं म्हणजे अर्धा तास वाया. मी विचार केला, आताच टाकून देऊ.

हाक मारायचं मला आठवलं. नाही आठवलं असं मी म्हणणार नाही.

पण आत कोण आहे ते मला माहीत होतं. माझाच भाऊ होता, पाच मिनिटांपूर्वी गेलेला. मग हाक कुणाला मारायची?

मी काट्या टाकल्या. फोटो काढला. पाठवला.

स्कूटी घेऊन वळशानं पूर्वेच्या तोंडाशी आले. तिथं मोठं मोहाचं झाड आहे आणि आमचा केशरी फलक. झाडाखालून पाळीवरची वाट शंभर पावलं सरळ दिसते.

बारा वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन आला.

"ताई, चौदाशे पन्नास. पोचलोच."

मी डब्बा काढून ठेवला. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली...

पुन्हा फोन.

"ताई, एकवीसशे झाले. नकाशात सोळाशे काऊन लिवलं?"

"आडवाटेला लागलास का रे?"

"पाळीवर कोठची आली आडवाट? सरळच येऊन राहिलो ना. मोह दिसून राहिला. तू बी दिसून राहिली."

मी वाटेकडे पाहिलं.

वाट रिकामी होती.

"पिवळी ओढणी घेतली ना तू? बाजूले डब्बा आहे."

ओढणी पिवळीच होती.

"हिमांशु, हात हलव."

"हलवून राहिलो ना! तू माह्याकडंच पाहून राहिली. ओळखून नाई राहिली का मले?"

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याला ती सवयच होती. मी चिडले, दोन शिव्याही घातल्या.

तेव्हा मला आवाज ऐकू आला. फोनमधून नाही. समोरून, वाटेवरून.

टक्... टक्... टक्...

जवळ येत होता. वीस पावलांवर. दहा पावलांवर. मग मोहाच्या सावलीच्या अलीकडे तो थांबला. क्षणभरानं तोच आवाज पुन्हा लांबून, शंभर पावलांपलीकडून यायला लागला.

"मागं फिर," मी ओरडले. "आलास तसा मागं फिर!"

फोनमधली टक् टक् थांबली.

"ताई... मागं काट्या आहेत."

"काट्या तर त्या टोकाला आहेत."

"नाई. माह्या मागं दहा पावलांवर आहेत. मी चाललो का त्या बी मागं येतात. कोणं टाकल्या?"

अजूनही त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलेलं नाही.

जंगलातले वॉचर जियालालभाऊ पश्चिमेकडच्या शेतावर होते. मी त्यांना फोन करून काट्या काढायला सांगितल्या. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला, "निकाल दिए मॅडम. सगळ्या बाजूला केल्या." मी हिमांशुला विचारलं. तो म्हणाला, काट्या अजून तिथंच आहेत.

जियालालभाऊ त्याच वाटेनं माझ्याकडे चालत आले. वीस मिनिटांत पोचले. एकटे.

"अंदर कोई नहीं है, मॅडम. पण एक गोष्ट बघून घ्या."

मध्ये एका जागी पाणी झिरपून वाट ओली झाली होती. तिथं चिखलात चाकाची रेघ उमटली होती. बाजूला हिमांशुच्या बुटाचे ठसे.

एक नाही, तीन रेघा होत्या.

तिन्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या. परत येणारी एकही नव्हती.

पुढचे चार तास कसे गेले ते मी नीट सांगू शकत नाही. मी ती वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सहादा धावले. गावातली माणसं आली, मोठेबाबा आले. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. ते मटकन पाळीवरच बसले.

"मोठेबाबा, आता काय करायचं?"

"हाक नाई मारली तू?"

"नाही."

"आत माणूस असताना तोंड बंद केलं का त्याच्या पायाखालची वाट सरत नाई, पोरी."

"मग उपाय सांगा ना!"

"उपाय राहता तर हाक मारायची रीत कायले ठेवली असती?"

म्हातारे माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं.

हिमांशुचे फोन येत राहिले. सात हजार. अकरा हजार. चिडचिड थांबली होती, तो हळू बोलायला लागला होता. मी म्हटलं थांब, बस, बसून राहा. तो म्हणाला, बसलो की काट्या जवळ येतात.

"ताई, तहान लागली."

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. टक् टक् वाजत जवळ आलं की मी बाटली पुढं धरायचे. आवाज थांबायचा. बाटली माझ्या हातातच राहायची.

साडेपाचला शेवटचा फोन आला.

"सतरा हजार दोनशे झाले, ताई. आईले सांग, मी येऊन राहिलो. तू दिसून राहिली मले. जाऊ नको तू तेथून..."

बॅटरी संपली असेल. त्यानंतर तो फोन कधीच लागला नाही.

दिवस मावळताना मी ओल्या जागेपाशी गेले. रेघा मोजल्या. दहा होत्या, आणि अकरावी माझ्यासमोर, चिखलात, हळूहळू उमटत गेली.

पोलीस आले. नऊ दिवस शोध चालला. तलावात गळ टाकले, जंगल पिंजून काढलं. काहीच मिळालं नाही, चाकसुद्धा नाही. दुसरं चाक आणून जुना तुकडा मोजला. सोळाशे बारा मीटर भरला. चालायला वीस मिनिटं.

नवीन माहितीपत्रक मी बनवलं. २७४० मिळवले. सोळाशे बारा वजा केले नाहीत. लांबी छापली १२१ किलोमीटर ४० मीटर. लोकेंद्र सर म्हणाले, "पुष्पांजली, टोटल जम नहीं रहा. जुना तुकडा वजा कर." मी होय म्हणाले आणि केलं नाही.

ज्या वाटेवर माझा भाऊ चालतोय, ती मी कशी वजा करू?

आमची आई, मनकर्णाबाई, दर मंगळवारी डब्बा घेऊन मोहाखाली बसायला लागली. मी सोबत जायचे. बाराच्या सुमारास आवाज यायचा. टक्... टक्... टक्... जवळ यायचा, थांबायचा, पुन्हा लांबून सुरू व्हायचा. आई डब्बा उघडून ठेवायची. "आला वाटते," म्हणायची. दोन वर्षं आम्ही असं केलं. सांगायला लाज वाटते, पण त्या आवाजाची मला सवय झाली होती. तो ऐकला की आठवडा निघायचा.

या जानेवारीत संस्थेची वेबसाइट नवीन झाली. ऑफिसातल्या कुणीतरी सगळे आकडे तपासले. माझी चूक सापडली. मला न विचारता सोळाशे बारा मीटर वजा झाले. आता तिथं ११९ किलोमीटर ४२८ मीटर असं दिसतं. आकडा अगदी बरोबर आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही मोहाखाली बसलो. बारा वाजले. एक वाजला. दोन वाजले...

काहीच वाजलं नाही.

"कायले नाई वाजून राहिलं वो, पुष्पा?" आईनं विचारलं. "थकला असन का?"

मी ऑफिसात भांडले. आकडा परत बदलायला लावला. एक दिवस बदलला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबर झाला. एक वेडी बाई म्हणते म्हणून चूक ठेवायची का, असं माझ्या पाठीमागं बोललं गेलं. त्यांचंही काय चुकलं?

ओल्या जागेपाशी मी रोज जाऊन आले. जुन्या रेघा पुसल्या आहेत. नवीन उमटत नाही.

तो बाहेर पडला असेल, तर घरी का आला नाही? आणि बाहेर पडला नसेल, तर पायाखालची वाटच काढून घेतल्यावर तो कशावरून चालतोय?

मागच्या आठवड्यात मी एकटी पश्चिमेच्या तोंडाशी गेले. मी टाकलेल्या काट्या अजून तिथंच कडेला पडल्या आहेत, वाळून कोळ झाल्या आहेत. भर दुपार होती. मी तिथं उभी राहिले आणि जे तेव्हा करायला हवं होतं ते केलं.

"कोणी आहे का वाटेवर?"

तीनदा हाक मारली. मग थांबले. ऊन उतरेपर्यंत थांबले.

उत्तर आलं नाही.

आमच्या रीतीप्रमाणे उत्तर आलं नाही म्हणजे वाट रिकामी. आता काट्या टाकायला हरकत नाही.

मी टाकल्या नाहीत. तशीच घरी आले. उद्या मंगळवार आहे आणि आईनं आत्ताच विचारलं, डब्ब्यात त्याच्यासाठी काय देऊ म्हणून.