पंख्याशिवायचं कार्ड

धसईच्या बाजारात कमळूशेठची भाताची गिरणी त्या दिवशी पट्टा तुटून बंद पडली, म्हणून ही गोष्ट घडली. नाहीतर गिरणी चालू असली की तिथे माणसाला स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. दोन हजार चारचा दसरा नुकताच झाला होता. गिरणीच्या ओट्यावर, सावलीला, एक तरुण सरळगावच्या एस्टीची वाट बघत बसला होता. बसल्या बसल्या त्याने एकदम मान वर केली, कान टवकारले आणि म्हणाला, "वरती कॉम्प्युटर आहे का कुणाचा? त्याचा पंखा मरायला टेकलाय."

जिन्यात अक्षदा उभी होती. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर भाताचा कोंडाच कोंडा. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. फळ्यांचा माळा तो, त्याच्यातून आवाज खाली पाझरतो हे तिला ठाऊक होतं. पण नुसत्या घरघरीवरून रोग सांगणारा वैद्य तिने पहिल्यांदाच बघितला.

"माझा आहे," ती म्हणाली. "तुमाला कसं कळलं?"

"दिवसभर तेच ऐकतो मी. शहापूरला स्टँडजवळ दुकान आहे आमचं. इथं पतपेढीचा प्रिंटर बघायला आलो होतो..." आणि मग उगाच, कुणी विचारलं नव्हतं तरी, "कुंडलिक नाव माझं."

अक्षदाला हसू आवरेना. म्हणाली, हे तर माझ्या आजोबांच्या वयाचं नाव.

"आजोबांचंच आहे," तो शांतपणे म्हणाला. "त्यांनी वापरून झालं, मग मला दिलं."

झालं. एस्टी आली, धूळ उडवून गेली, आणि कुंडलिक माळ्यावरच राहिला.

आता अक्षदा म्हणजे कमळूशेठची धाकटी. मुरबाडच्या एका स्टुडिओत ती लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग शिकली आणि मग बापाच्या मागे भुणभुण लावून गिरणीवरचा माळा तिने पदरात पाडून घेतला. नवरानवरी गुलाबाच्या फुलातून बाहेर येतात, मंगलाष्टकं चालू असताना चित्र पानासारखं उलटतं, वरातीवर आकाशातून पाकळ्या पडतात, ही सगळी करामत तिची. अशा करामतीला ग्राफिक्स कार्ड लागतं. कार्ड तापतं, म्हणून त्याच्या डोक्यावर पेढ्याएवढा पंखा असतो. आणि भाताच्या गिरणीवर बसवलेल्या पेढ्याएवढ्या पंख्याचं काय होणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

कुंडलिकने पंखा काढला, रंगाच्या ब्रशने झाडला आणि जोरात फुंकर मारली. सगळा कोंडा दोघांच्या तोंडावर. दोघं एकदमच शिंकले, एकदमच डोळे पुसले आणि पुसता पुसता एकमेकांकडे बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्याने पिशवीतून पांढरं मलमलचं कापड काढलं आणि कॅबिनेटच्या जाळीवर ताणून बांधून दिलं. म्हणाला, हे सोडू नका, म्हणजे कोंडा आत जाणार नाय आणि मला परत यावं लागणार नाय.

शेवटचं वाक्य काही अक्षदाला आवडलं नाही.

म्हणून तो गेल्यावर तिने काय केलं असेल? कापड सोडलं, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. आपण असं का केलं हे तिने स्वतःला विचारलंही नाही. काही प्रश्न विचारायचे नसतात. पंधरवड्यात पंखा पुन्हा घरघरायला लागला. तिने कापड पुन्हा नीट ताणून बांधलं आणि शहापूरला फोन लावला. आवाज अगदी साळसूद, "अहो, तो पंखा परत वाजतोय."

आणि किन्हवली, सरळगाव करत कुंडलिक आला. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा आला. पंखा साफ व्हायला लागे इतकुसा वेळ. पण मग गप्पा निघत. तो येताना कॉम्प्युटरचं मासिक आणी. दोघं एकाच पानावर वाकून कार्डांचे भाव बघत बसत. हे एकशेअठ्ठावीस एमबीचं, ते दोनशेछप्पन्नचं. हे दिसायला दांडगं पण चालीला बैल. ह्याचा कूलर तांब्याचा, त्याचा अॅल्युमिनियमचा. खाली गिरणीचा धडधडाट, त्यामुळे बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. अक्षदाला त्या गिरणीचं एवढं प्रेम जन्मात कधी वाटलं नव्हतं.

खरं औषध दोघांनाही माहीत होतं. ज्या कार्डाला पंखाच नाही, नुसते धातूचे उभे पत्रे आहेत, त्यात कोंडा अडकणार कुठे? फुंकर मारली की काम झालं. प्रोसेसरचा पंखा मोठा, तो काही दाद देत नव्हता. रडगाणं ह्या छोट्याचंच. पंख्याशिवायचं कार्ड बसवलं की कुंडलिकला धसईला यायचं कारण उरत नाही. आणि म्हणूनच ते कार्ड काही केल्या बसत नव्हतं.

कधी तो म्हणे, येतंय, पुढच्या महिन्यात येतंय. कधी म्हणे, आलंय पण भाव चढा आहे, उतरू दे. मग अक्षदा म्हणे, नाहीतरी आता नवीन खाचेची कार्डं येणार म्हणता, मग जुन्यात कशाला पैसे घाला? तो लगेच म्हणे, बरोबर आहे तुमचं, थांबूया. एवढी एकमताची गिऱ्हाईक-दुकानदाराची जोडी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडली नसती.

दिवाळी गेली, शिमगा गेला. कुंडलिक कूलरबद्दल तासभर बोले, पण दुसरा विषय आला की स्क्रू मोजायला लागे. एकदा जिन्यात थांबून म्हणाला, "मी काय म्हणत होतो..." अक्षदा एक पायरी खाली उतरली. "...ते कापड जरा घट्ट बांधत जा." आणि गेला. त्या दिवशी तिने ते कापड ड्रॉवरमध्ये अक्षरशः फेकलं.

घरात आई म्हणायला लागली होती, यंदाचा सीझन संपला की पोरीसाठी स्थळं बघायला घेऊ. अक्षदा ऐकून न ऐकल्यासारखं करी. हा शहाणा बोलणार कधी?

वैशाखात लग्नांची रांग लागली. डोळखांबकडच्या पाड्यावरून जनाबाई आपल्या लेकीच्या लग्नाच्या कॅसेटी स्वतः घेऊन आली. जनाबाईची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, तिला नातीचं लग्न बघायला मिळालं नव्हतं. म्हणून सत्यनारायणाच्या दिवशी भाड्याने टीव्ही आणायचा, म्हातारीची खाट अंगणात घ्यायची आणि अख्ख्या पाड्यासोबत तिला लग्न दाखवायचं असं ठरलं होतं. "हळदीची गाणी, ते धवले समदे ठेव गो बाय," जनाबाई सांगून गेली, "आयशीला त्यातला एक-एक पाठ हाय."

अक्षदाने जीव ओतून काम सुरू केलं. पण कापड ड्रॉवरमध्येच होतं आणि वैशाखाचं ऊन माळ्याच्या पत्र्यावर. हळदीच्या धवल्यावर पाकळ्या टाकायचं काम चाललेलं, पंखा घरघरला, घरघरला... आणि गप्प झाला. कॉम्प्युटर बंद करेपर्यंत करपल्याचा वास आलाच. पडदा काळा. कार्ड गेलं.

कॅसेटी शाबूत होत्या, पण पूजा तोंडावर आली होती. आपल्या लबाडीपायी एका म्हातारीचं नातीचं लग्न बघणं राहणार, ह्या विचाराने तिला रडू फुटलं. प्रेमात माणूस वेडं होतं ते ठीक. पण वेडेपणाचा भुर्दंड जनाबाईच्या आईने का भरावा?

कमळूशेठ जिना चढून आला. करपलेलं कार्ड बघितलं, लेकीचं तोंड बघितलं. फार बोलणारा माणूस नव्हे तो. "रोज मरं त्याला कोण रडं," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एस्टी धरून मुंबईला गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा हातात एक खोका होता. त्यात कार्ड. त्याच्यावर पंखा नाही, नुसते उभे पत्रे.

"मिळालं?" अक्षदाने कसंबसं विचारलं.

"मिळायला काय? ढीग लागलेत त्याचे," बाप म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली. शहापूरला फोनही त्यानेच केला. म्हणाला, एवढं बसवून जा, मग तुझी सुटका.

रात्रभर अक्षदाच्या मनात ते एकच. सुटका.

सकाळी कुंडलिक आला. मासिक आणलं नव्हतं. दोघं माळ्यावर गेले. खाली गिरणी धडधडत होती. त्याने जुनं कार्ड काढलं, नवीन खाचेत बसवलं, बटण दाबलं. पडदा उजळला. जनाबाईच्या अंगणातल्या बायका हळदीचे हात घेऊन हसायला लागल्या. काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं, आणि अक्षदाच्या जिवावरचं एक ओझं उतरलं. दुसरं मात्र जागच्या जागी होतं.

कुंडलिकने स्क्रूड्रायव्हर उचलला, परत टेबलावर ठेवला. तो निघतही नव्हता आणि बोलतही नव्हता. आज नाही तर कधीच नाही, हे तिला कळलं. मग तिनेच ड्रॉवर उघडून ते मलमलचं कापड त्याच्यापुढे धरलं.

"हे मी बांधतच नव्हते," ती गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली. "तुमी यायच्या आधी तेवढं बांधायचे. माझ्यामुळं कार्ड जळलं."

तिला वाटलं, आता हा रागावणार. तो कापडाकडे बघून हसला.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"भाताच्या गिरणीवर पंधरा दिवस बांधलेलं कापड इतकं पांढरं असतं का कधी? पहिल्याच फेरीला कळलं होतं."

अक्षदाचे कान लाल झाले. इतके महिने... इतके महिने हा माणूस जाणून बुजून पंखा झाडत होता. "मग बोललात का नाय?"

"काय बोलणार? मी तरी कुठं धुतल्या तांदळाचा." त्याने मान खाली घातली, मग सगळा धीर एकवटून वर केली. "पंख्याशिवायचं कार्ड दिवाळीपासून आमच्या दुकानात होतं."

"आणि... भाव?"

"तो संक्रांतीलाच उतरला होता."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. आणि मग तिला असं हसू फुटलं, की डोळ्यांत पाणी आलं. हसणं ओसरलं तरी पाणी काही थांबेना. "आता पंखा नाय," ती म्हणाली. "आता शहापूर राहिलं तिकडं आणि धसई इकडं. तुमी काय पंखा झाडायलाच येत होता एवढं?"

त्याचे ओठ हलले. गिरणीच्या गदारोळात तिला काही ऐकू आलं नाही. तिने कानाला हात लावून विचारलं, काय? तो परत बोलला, तिने परत मान हलवली. तेव्हा कुंडलिकने छाती भरून श्वास घेतला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला—

"पंखा गेला खड्ड्यात, मी तुझ्यासाठी येत होतो!"

आणि नेमक्या त्याच क्षणी गिरणी थांबली.

ते वाक्य त्या शांततेत असं पडलं की बाजारातल्या भाजीवाल्यांनी माना वर केल्या. माळ्यावर दोघं दगडासारखी उभी. तुमीचं तू कधी झालं हे त्याला कळलंही नव्हतं. तिला मात्र तेवढंच कळलं होतं. तिने हळूच हात पुढे केला आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवरचा कोंडा झटकला.

खालून, फळ्यांच्या फटीतून, कमळूशेठचा आवाज आला. चढा नाही, उतरता नाही, भाताचं माप सांगावं तसा.

"कुंडलिक. ताकाला येऊन भांडं किती दिस लपवणार होतास रे?"

वर एक फळी करकरली.

"खाली ये. चा ठेवलाय. आणि पुढच्या टायमाला ते पान्हे-बिन्हे आणू नको. आयबापाला घेऊन ये."

कुंडलिक जिना उतरला की गडगडला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मागोमाग अक्षदा उतरली. तोंडावर ओढणी, ओढणीआड हसू. गिरणीजवळून जाताना तिने बघितलं, भात ओतायच्या वरच्या टोपात भात अजून अर्ध्यापर्यंत तसंच होतं. गिरणी आपणहून थांबली नव्हती. तिने बापाकडे पाहिलं. बाप कपात चहा गाळत होता.

पूजेच्या दिवशी जनाबाईच्या अंगणात म्हातारी खाटेवर पडल्या पडल्या टीव्हीतल्या बायकांबरोबर धवले म्हणत होती, शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. सीडी घेऊन अक्षदा स्वतः गेली होती, कुंडलिकच्या मोटारसायकलवरून. त्याचा स्क्रूड्रायव्हर त्या दिवसापासून तिच्या टेबलावरच पडून होता. त्याने मागितला नाही आणि तिनेही दिला नाही.