कोठ्याकडे वळलेला आरसा

वामनराव डाखरे सकाळी चालतच पांढरकवड्याच्या ठाण्यात आला आणि टेबलासमोर दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

"बेड्या घाला," तो म्हणाला. "माझ्या बायकोले मी मारलं."

ठाणेदार रामलाल राठोडने मान वर केली. समोरच्या माणसाच्या धोतरावर राखेचे डाग होते. पायात काही नव्हतं.

"बसा."

"बसायले नाही आलो."

"आगीची खबर पाटलानं कालच पाठवली. काल दुपारी तुम्ही कुठं होते?"

"इथंच. सरकी काढायले जिनात कापसाची गाडी घेऊन आलतो."

"मग बायकोले कसं मारलं?"

"माझ्या आरशानं कापसाचा कोठा पेटवला. माझ्या झरोक्यातून धूर तिच्या खोलीत गेला. अन् माझ्या चौकटीनं तिचा पाय धरून ठेवला, म्हणून तिले उठता नाही आलं. तिन्ही मीच बनवलं. तिन्हीवर कलकत्त्याचा शिक्का हाय."

ही १९५८ च्या जानेवारीतली गोष्ट. वामनराव हा तीन कोसांवरच्या खेड्यातला कास्तकार. नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकून परत आलेला. शेती करता करता त्याने तीन वस्तू बनवल्या आणि कलकत्त्याच्या कचेरीतून तिन्हींचं पेटंट मिळवलं. एक आरशांनी ऊन गोळा करून रांधणारी सूर्यचूल. दुसरी हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहणारी खोली. तिसरी मोडलेलं हाड जागेवर धरून ठेवणारी लोखंडी चौकट. गावातले लोक त्याला हसत. त्याची बायको शकुबाई हसत नसे. दिवाळीनंतर ती बैलगाडीवरून पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तिने स्वतःच नवऱ्याची चौकट मागितली होती.

डॉक्टरांचा निरोप आला होता. शकुबाई भाजून नव्हे, धुरात गुदमरून गेली. अपघात म्हणून कागद बंद करता आला असता. वरच्या साहेबांचंही तेच म्हणणं होतं.

रामलालची बायको रुपीबाई दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. अशा माणसाला 'तुमचा दोष नाही' असं नुसतं म्हणून काही उपयोग होत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"आरसा कोठ्याकडं वळला होता, असं पाटलानं कळवलं. तुम्ही पाहिलं?" त्याने विचारलं.

"लोकायनं सांगितलं. मी गेलो तवा तिले अंगणात काढून ठेवलं होतं. मंग मी दुसरं काही नाही पाहिलं."

रामलालने टोपी घातली. "दमणी जुंपायले सांगतो. चला."

*

घर, खोली आणि कापसाचा कोठा एका ओळीत होते. तिन्हींची तोंडं दक्षिणेला, अंगणाकडे. खोलीला समोरून काचेची भिंत होती. उन्हाने आतली हवा तापे, आणि बाजूच्या झरोक्यातून ती कोठ्यात जाऊन कापूस कोरडा ठेवी. काल त्याच झरोक्यातून धूर उलटा आला होता. शकुबाईला बाहेर काढताना लोकांनी फोडलेली काच दारात पडली होती. कोठ्याच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सूर्यचूल होती. गाडीच्या चाकाएवढी लोखंडी परात, आतून आरशाचे तुकडे बसवलेले, पुढे हातभर अंतरावर भांडं ठेवायची कडी. परातीचं तोंड सरळ कोठ्याच्या दाराकडे होतं. वर घालायचं पोतं बाजूला पडलं होतं.

"कोणी हात लावला याले?"

"नाही जी," पाटील म्हणाला. "भेव वाटते. मागं यानं गवताची पेंडी पेटवलती. आम्ही म्हणतच होतो, हे गाव जाळीन एक दिवस."

रामलाल परातीजवळ, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि कोठ्याकडे पाहू लागला. त्याच्या मानेला उन्हाचा चटका बसत होता. सावली पुढे पडली होती. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग राखेत शिरला.

कोपऱ्यात बोटाला काही तरी टोचलं. पांढरट, काळवंडलेले खडे. त्याने एक जिभेला लावला.

"वामनराव, कापसात मीठ ठेवत होते काय?"

"कापसात मीठ? ओल धरते ना त्यानं. कोण ठेवीन?"

"हे खडेमीठ हाय. दोन-तीन शेर तरी असन."

वामनराव ओसरीकडे वळला. त्याला त्यात रस नव्हता.

*

शेजारची धुरपताबाई शकुबाईचं रांधून देत असे. ती डोळे पुसतच आली.

"काल चूल कोणी लावली?"

"मीच. दुपारी तुरीची डाळ शिजवली, तिले जेवू घातलं, चुलीवर पोतं टाकलं अन् कापूस वेचणीले गेली. सारं गावच वेचणीले गेलतं."

"पोतं नक्की टाकलं?"

"न टाकून कसं चालन? शकुबाई काचेतून पाहून राहायची ना. पोतं राह्यलं का लगेच ओरडे, धुरपते, कावळा भाजशीन एखादा!" ती हसली आणि पुन्हा रडायला लागली.

"तिच्यावर कोणाचा राग होता काय?"

तिने ओसरीकडे पाहिलं. तिथे उकंडा आत्राम बसला होता. कोलामपोडातला, म्हणजे कोलामांच्या वस्तीतला म्हातारा, बांबूच्या कामट्या बांधून हाडं बसवणारा. वामनरावाच्या चौकटीवरून तो भर बाजारात भांडला होता.

"उकंडा, तू काल इकडं आलता म्हणतात."

"सकाळी आलतो. पाय पाहाले."

"काहून? तुयं तर भांडण होतं."

"भांडण यायच्यासंग. पायासंग काय भांडण?" उकंडाने वामनरावाकडे पाहिलं नाही. "मी दाबून पाहिलं. हाड जुळलं होतं. बाई, म्हणलं, चार दिसात चालशीन. लय हसली. मालकाले सांगू नको म्हणे, चालूनच दाखवतो."

वामनराव ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. त्याने तोंड फिरवलं.

"परत जाताना कोणी दिसलं?"

"मी जंगलात गेलतो कामट्या तोडाले. उन्हं कलल्यावर परत येत होतो, तं नाल्यात एक जीप उभी होती. शिकारीवाल्यायची असन. हिवाळ्यात राहतेच."

"आग तवा लागली होती?"

"नाही. तवा धूर नव्हता."

*

वामनरावाचा धाकटा भाऊ रामराव तेवढ्यात आतून आला. तो पांढरकवड्यात राहत असे. नागपूरहून येणाऱ्या शिकारी साहेबांची जीप चालवणं, त्यांना जंगलात फिरवणं हे त्याचं काम. कालपासून मयताची सगळी धावपळ त्यानेच केली होती. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते.

"साहेब, दादाले सोडा," तो म्हणाला. "त्यानं काय मुद्दाम केलं? त्या आरशाचंच काम हाय. फोडून टाकतो म्हणलं तं पाटील हात लावू देत नाही."

"तुम्ही कवा आले काल?"

"दुपारच्या मोटरनं. फाट्यावर उतरलो अन् धूर दिसला. धावत आलो, तं सारं पेटलेलं. आत जाताच नाही आलं."

"आले तवा आरसा असाच होता?"

"असाच. सरळ कोठ्याकडं तोंड. मी पहिलाच माणूस, मीच दाखवलं पाटलाले."

"सूर्यचुलीवर रांधताना कधी पाहिलं तुम्ही?"

"नाही जी. मी येतो कवा, जातो कवा. दादाच्या या भानगडी मले कुठं समजतात?"

रामलालने कोठ्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मले कागद पुरा करायचा हाय. आरशानं आग लागते, हे माझ्या डोळ्यांनी पाहून लिहिलं म्हणजे झालं. धुरपताबाई, थोडा कापूस आणा."

कोठ्याच्या दारात कापसाचा ढीग ठेवला. रामलालने स्वतः परात फिरवून तिचं तोंड जमिनीकडे केलं.

"उकंडा, लाव निशाणा."

"मी नाही हात लावत, बाप्पा."

"रामराव, तुम्ही?"

"लावतो ना!" रामराव पुढे झाला. एक हात परातीच्या वरच्या काठावर, एक खाली. एक डोळा बारीक केला. परात गर्रकन फिरवून तिचं तोंड कापसावर रोखलं. सफाईने. पाहणाऱ्यांना वाटलं असतं, हा माणूस रोज हेच करतो.

सगळे वाट पाहत राहिले. कापूस पांढराशुभ्र राहिला.

"अव माय," धुरपताबाई म्हणाली, "सूर्य तर तुमच्या मागं हाय, भाऊजी! पाठ केली तं चूल पेटन कशी?"

रामरावने मागे वळून पाहिलं. ऊन त्याच्या तोंडावर आलं.

*

"हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडंच राहतो," रामलाल म्हणाला. तो आता वामनरावाशी बोलत होता. "कोठा उत्तरेले. या चुलीनं कोठ्याकडं पाहिलं म्हणजे सूर्याकडं पाठ केली. मी इथं उभा राह्यलो तवा मानेले चटका बसला, त्यावरून समजलं. अन् हातभर अंतरावरची कडी सोडली तं पुढं तिचं ऊन फाकून जाते. कोठा पेटवायची ताकदच तिच्यात नाही. हे तुम्हीच बनवलं, वामनराव. काल लोकायनं सांगितलं अन् तुम्ही नुसतं ऐकलं. उठून पाहिलं असतं तं तुम्हाले एका नजरेत दिसलं असतं."

वामनराव परातीकडे पाहत होता.

"म्हणजे आग लागल्यावर कोणीतरी पोतं काढलं अन् ती फिरवली. तुमच्यावर यावं म्हणून. ज्यानं या चुलीवर रांधताना पाहिलं, तो असं करणार नाही. तो आधी सूर्याकडं पाहीन. ज्याले जीपवरचा शिकारीचा दिवा फिरवायची सवय हाय, तो जनावराकडं तोंड करतो. दिव्याच्या पोटातच उजेड असते. आरशाच्या पोटात नसते."

"साहेब, हे काही—" रामराव म्हणाला.

"कोठ्यात काय लपवलं होतं?"

"काही नाही."

"मीठ कायले लागते शिकाऱ्याले?"

रामराव कापसाच्या ढिगाकडे पाहू लागला.

"कातड्याले चोळतात. रातच्या दिव्यावर मारलेलं जनावर. परवान्यात बसत नाही, म्हणून भावाच्या कापसात दाबलं. बिबट होता काय?"

"मी मोटरनं आलतो."

"मोटर फाट्यावर थांबते. जीप नाल्यात उभी होती, धूर निघायच्या आधी. उकंडानं पाहिली. ती कोणाची, ते तिच्या मालकाले विचारायले मले अर्धा दिवस लागन. तुम्ही आत्ताच सांगा."

रामरावने चहूकडे पाहिलं. पाटील मागे सरकला होता. दारात ठाण्याहून सोबत आलेला शिपाई होता.

"मी आग नाही लावली," तो हळू म्हणाला. "कातडं काढाले गेलतो. नागपूरचे साहेब न्यायले येणार होते. आत अंधार. बिडी ओढत होतो... खाली पडली असन. कापूस भपकन् पेटला. हातानं विझवून पाहिला. नाही विझला."

"मग?"

"मग बाहेर पळालो."

"अन् आरसा फिरवला."

"मले वाटलं कोठाच जळीन. नुसता कोठा. दादा, मले खरंच वाटलं—"

"काच फोडून तिले उचलून आणायले जेवढा वेळ लागते," रामलाल म्हणाला, "तेवढाच पोतं काढून ही परात फिरवायले लागते. तुम्ही दुसरं केलं."

वामनराव खांब सोडून पुढे आला. रामलालने शिपायाला खूण केली, पण वामनरावाने भावाच्या अंगावर हात टाकला नाही. तो त्याच्यासमोर उभा राहिला.

"तिची खाट काचेजवळ होती," तो म्हणाला. "तिनं तुले पाहिलं असन."

रामरावने मान खाली घातली.

"पाहिलं काय?"

"पाहिलं."

"हाक मारली?"

"मारली."

"काय म्हणाली? खरं सांग, रामा."

"तिले वाटलं, मी आरसा वाचवून राह्यलो. म्हणे... यायच्या आरशाचं राहू द्या, भाऊजी. पह्यले मले काढा."

वामनराव खाली बसला. कालपासून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं. शिपायाने रामरावला बाहेर नेलं. रामलाल मात्र गेला नाही. टोपी काढून तो वामनरावाच्या शेजारी जमिनीवर बसला.