डावा हात खिशात

गिटारचा ॲम्प उचलायचा तो पाठीने नाही, गुडघ्यांनी, हे धाकट्याला दादाने शिकवलं होतं. त्यामुळे त्या दुपारी गाडीतून दादाचा ॲम्प उतरवतानाही तो गुडघे वाकवूनच उतरवत होता. अंगात दादाचंच जाकीट होतं, कोपरांवर विटलेलं, बाह्या दोन बोटं लांब. पेटारा तोच, वजन तेच, तरी आज जड लागत होतं. आजवर पलीकडची कड धरायला दादा असायचा.

काम साधं होतं. ॲम्प दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांच्या दुकानात तो पोचवायचा. दादाचा मित्र लांब्या तिथे येणार, काका आणि तो मिळून ॲम्पाचं काय करायचं ते ठरवणार. धाकट्याच्या मनात असतं तर त्याने पेटारा जागचा हलवलाही नसता. पण सकाळी आईने त्याच्याकडे न बघता सांगितलं होतं, ही वस्तू संध्याकाळी घरात दिसता कामा नये. जिने माझं पोर नेलं तिच्यावरची धूळ मी पुसणार नाही.

दादाला जाऊन पाच आठवडे झाले होते. ॲम्प उघडून आत काहीतरी जुळवत असताना त्याच्या छातीतून वीज गेली. सगळे हळहळले आणि सगळ्यांनी एकच शब्द वापरला, बेसावध. तो शब्द धाकट्याला सहन होत नव्हता. शाळा त्याने आठवीत सोडली. वीज म्हणजे काय, असं विचारलं तर बटण दाबल्यावर येते ती, यापलीकडे त्याला सांगता आलं नसतं. पण दादा बेसावध नव्हता हे त्याला पक्कं माहीत होतं. कसं माहीत, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

दुकानात तापलेल्या धुळीचा आणि वितळलेल्या शिशाचा वास होता. भिंतीवर काकांनी स्वतःसाठी खडूने तीन शब्द लिहिले होते, डावा हात खिशात. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या या जुन्या ॲम्पांत माणूस मारण्याइतकी वीज असते. चालू ॲम्पात एकच हात घालायचा. चुकून लागलं तर तो हात भाजतो, फार तर माणूस मागे फेकला जातो. पण दुसरा हात ॲम्पाच्या पत्र्यावर टेकलेला असेल तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते आणि वाटेत काळीज असतं. दादा हे काकांकडूनच शिकला. धाकट्याने त्याला शेकडो वेळा पाहिलं होतं, उजवा हात ॲम्पात, डावा जाकिटाच्या खिशात, तोंडाने शीळ.

काकांनी सरळ सांगून टाकलं. लांब्यासाठी ते एक ॲम्प बांधत होते, पण तसा ट्रान्सफॉर्मर आता कुणी बनवत नाही. दादाच्यातला काढून त्यात बसवला, व्हॉल्व्ह बसवले, की दादाचा टोन, त्याच्या गिटारचा तो खास आवाज, त्यात येईल. पेटारा कोपऱ्यात सडण्यापेक्षा ते बरं.

लांब्या मान खाली घालून ऐकत होता. गेली सहा वर्षं तो या टोनमागे होता. तारा बदलल्या, गिटार बदलली, कुठकुठून व्हॉल्व्ह आणून लावले. एका मुलीने तर, माझा आवाज कधी एवढा कान देऊन ऐकलास का, असं विचारून लग्न मोडलं. दादा त्याला हसायचा. म्हणायचा, लांब्या, टोन बोटांत असतो रे, खोक्यात नसतो. लांब्याला ते कधी पटलं नाही.

धाकट्याला आठवलं ते नेमकं हेच. त्याच्या डोक्यात एकदा काही आलं की ते ओठांवर यायला वेळ लागत नसे.

"ओळखून दाखवा," धाकटा म्हणाला. "पाठ फिरवून बसा. तीनदा वाजवा. दादाचा ॲम्प कधी लागतोय, कधी नाही, तिन्ही वेळा बरोबर सांगितलंत तर खुशाल फोडा. एकदा जरी चुकलात तरी मी तो जसा आहे तसा घरी नेणार. आईलाही मी बघून घेईन."

काकांनी लांब्याकडे पाहिलं. लांब्याने गिटार गळ्यात अडकवली.

ही पाठ फिरवून ऐकायची पद्धत त्यांची जुनीच होती. डोळे फसवतात म्हणून ऐकणाऱ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, आणि ज्याला संगीतातलं काही कळत नाही त्याने केबल या ॲम्पातून काढून त्या ॲम्पात घालायची. ज्याला कळत नाही तो म्हणजे धाकटा. दादा असताना दर रविवारी हे काम त्याचंच असायचं. आणखी एक नियम होता. सगळ्यांचे फोन पत्र्याच्या डब्यात घालून डबा बाहेरच्या पायरीवर. कारण दादाच्या ॲम्पाचे कान फार तिखट. जवळपास कुणाला फोन येणार असला की वाजायच्या आधी दोन क्षण ॲम्पातून टिक टिक टिक, टिर्रर्र असा आवाज यायचा. दादा म्हणायचा, "पाहुणे आले," आणि आतला हात बाहेर काढून मगच फोन घ्यायचा.

तिन्ही फोन डब्यात गेले. डबा पायरीवर गेला. तीन ॲम्प ओळीत तापत ठेवले होते. पहिला काकांचा, दुसरा लांब्याचा, तिसरा दादाचा. ज्याची पाळी नाही तो स्टँडबायवर, म्हणजे आतून गरम, आत वीज असलेला, पण मुका.

पहिल्या वेळी धाकट्याने केबल दादाच्या ॲम्पात घातली. लांब्याने एकच तार छेडली आणि ती विरेपर्यंत थांबला. "हा त्याचा," तो म्हणाला. 

दुसऱ्या वेळी केबल लांब्याच्या ॲम्पात. यावेळी काकाच बोलले, हा नाही.

धाकट्याने केबल उपटून हातात घेतली. टोन बोटांत असतो म्हणाला होतास ना, तो मनात दादाला म्हणाला. मग यांना कसं कळतंय? दादाचा ॲम्प त्याने स्टँडबायवर टाकला होता, तसाच राहू दिला. केबल काकांच्या ॲम्पात घातली. दोघं ओळखणार याची त्याला खात्री होती. लांब्याने तारेवर बोट ठेवलं.

टिक टिक टिक... टिर्रर्र.

तार अजून वाजायची होती. आवाज ओळीच्या शेवटच्या टोकाकडून आला होता, दादाच्या ॲम्पाकडून.

"तिसऱ्या वेळी त्याचाच," लांब्या म्हणाला आणि वळला. "आणि खिशात फोन ठेवलायस. एवढी साधी गोष्ट पाळता येत नाही तुला?"

 धाकट्याने जाकिटाचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. पँटचेही. एक किल्ली, एक रुमाल. मग बोटाने केबल दाखवली.

"एक नंबरला आहे. काकांच्या ॲम्पात. चुकलात तुम्ही."

दोघांची नजर केबलवरून हळूहळू दादाच्या ॲम्पाकडे गेली. काका गुडघ्यांवर बसले, स्टँडबायचं बटण बोटाने चाचपलं. बटण खालीच होतं, म्हणजे ॲम्प मुकाच होता. लांब्या पायरीवरून डबा घेऊन आला. तिन्ही फोन पाहिले. कुणालाच फोन आलेला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ही वेळ धाकट्याला पाठ होती.

"पहिला व्हॉल्व्ह बिघडलाय," काका म्हणाले, पण स्वतःलाच समजावल्यासारखे. त्यांनी स्क्रू काढले, पेटाऱ्यातून पत्र्याचा सांगाडा ओढून काढला, डावा हात खिशात घातला आणि फडक्याने धरून तो काचेचा व्हॉल्व्ह उपटला. त्याच्याविना या ॲम्पातून माशीची गुणगुणही येऊ शकत नाही, असं ते सांगत होते. सांगत असतानाच...

टिक टिक टिक... टिर्रर्र.

काका मागे सरकले. लांब्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"फोडून टाका ते," तो म्हणाला. "असल्या पेटाऱ्यात बेसावधपणे हात घातला, म्हणून तर गेला तो."

आता मात्र धाकट्याचा तोल गेला. पाच आठवडे दातांखाली धरलेलं सगळं बाहेर पडलं.

"बेसावध नव्हता तो. पुन्हा म्हणू नकोस, लांब्या." आजवर तो त्याला लांब्यादादा म्हणत आला होता. "चार वाजून दहा मिनिटांनी मी त्याला फोन केला होता. भांडायला. गाडीची किल्ली घेऊन गेला होता म्हणून. फोन डाव्या खिशात, हातही डाव्या खिशात. त्या दिवशी ॲम्प स्टँडबायवर होता, मुका होता, पाहुणे आले म्हणून कुणी सांगितलं नाही त्याला. फोन वाजला, त्याने हात बाहेर काढला आणि पत्र्यावर टेकला. चूक त्याची नव्हती. माझी होती. शिव्या घालायच्या तर मला घाला."

कुणी शिव्या घातल्या नाहीत. लांब्या दारातून आत आला. काका म्हणाले, "तेव्हा मुका होता. आता मुका असून बोलतोय." आणि हातातल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं.

धाकट्याने त्यांच्या हातातून व्हॉल्व्ह घेतला, सांगाडा पेटाऱ्यात टाकला आणि एकट्याने, गुडघे वाकवून, ॲम्प उचलला. काका मागून सांगत होते, घरी चालू करू नकोस. पैज त्याने जिंकली होती. जिंकलेल्या माणसाला उपदेश ऐकायचे नसतात.

घरी त्याने आईलाही तेच सांगितलं, फोनचं. आईने ताट जसंच्या तसं ठेवलं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. सकाळी न बोलताच कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्याने ॲम्पाचा सांगाडा स्टुलावर ठेवला. ही वेळ त्याने मुद्दाम निवडली होती. जे काही चार वाजून दहा मिनिटांनी येतं, ते आज त्याला भेटायचं होतं. दादाच्या मागे लागलंय ते? मग येऊ दे माझ्याकडे. भिण्यासारखं आता राहिलंय काय?

व्हॉल्व्ह बसवला, बटण चालू केलं, मिनिटभर तापू दिलं, मग स्टँडबाय काढला. काचेत नारिंगी ऊब पेटली. आवाज मात्र तुटक, खरखरीत. व्हॉल्व्ह सॉकेटात हलत होता. खालून, सांगाड्याच्या आतून बोट घालून सॉकेटाची पट्टी दाबावी लागणार होती. दादा त्यासाठी लाकडी पेन्सिल वापरायचा. पेन्सिल शोधायला उठण्याइतका धीर धाकट्याला जन्मात कधी नव्हता.

त्याने डावा हात जाकिटाच्या खिशात घातला. तेवढं मात्र पाळलं. खिशात फोन होता, त्याच्या बाजूने बोटं सरकवली. उजवं बोट आत घातलं.

खोली शांत होती. तापल्या धुळीचा वास येऊ लागला. त्या वासात आणखी एक वास होता, तारा पुसायच्या तेलाचा. ती बाटली कधीच संपली होती.

टिक टिक टिक... टिर्रर्र.

"ये," धाकटा म्हणाला. "इथेच बसलोय मी."

आणि खिशातला फोन खरंच वाजला.

दचकलेल्या माणसाचा हात विचारून हलत नाही. त्याच्या बोटांनी फोन पकडला, हात वर उसळला... आणि अडकला.

खिशात त्याच्या हातावर आणखी एक हात होता.

ऊबदार होता. घट्ट होता. चार बोटं त्याच्या हाताच्या पाठीवर दाबून बसली होती, आणि त्या बोटांची टोकं कठीण होती, वर्षानुवर्षं तारा दाबून होतात तशी. धाकट्याने जीव खाऊन हात ओढला. तो हात सुटेना. फोन वाजत राहिला, थरथरत राहिला. त्याच झटापटीत उजवं बोट आत भलतीकडे लागलं, डोळ्यांसमोर पांढरा लोळ उठला आणि तो स्टुलासमोरून भिंतीपर्यंत फेकला गेला.

शुद्धीवर आला तेव्हा ॲम्प नीट गुणगुणत होता. खरखर गेली होती. उजव्या बोटावर फोड आला होता. डावा हात अजून खिशातच होता, आणि एकटा होता.

फोनवर आईचा कॉल येऊन गेला होता. त्याने परत लावला. आई कामावरून बोलत होती, मागे यंत्रांची घरघर होती.

"कशाला फोन केला होतास?"

 आई म्हणाली, "राहू दे तो ॲम्प घरात. एवढंच सांगायचं होतं."

ॲम्प अजून त्यांच्या घरी आहे. काकांनी येऊन एकदा तो तपासला, पट्टी कुणी दाबली म्हणून विचारलं. हे काम पेन्सिलीचं आहे, म्हणाले, जोडाच्या शिशावर लाकडाचा व्रण उमटलाय. धाकट्याने खांदे उडवले. चार वाजून दहा मिनिटांनी आता टिकटिक होत नाही.

उजव्या बोटाचा फोड आठवड्यात बसला. डाव्या हाताच्या पाठीवर चार बारीक रेघा उठल्या होत्या, तारेने दाबल्यासारख्या. त्या मात्र गेल्या नाहीत.

परवा थंडी फार होती. लांब्या नुसत्या शर्टावर आला होता, म्हणाला, दादाचं जाकीट दे जरा घालायला. धाकट्याने घरातली जाड चादर आणून त्याच्या अंगावर टाकली.

"जाकीट मिळायचं नाही," तो म्हणाला. "रिकामं नाहीये ते."